बियाण्याच्या थैलीतली ती छोटी पुडी कुठे गेली?

वणीची_लेक (11 मे)

सुट्टीला माहेरी आलेय. काल माळा साफ करताना कणगीमागे एक गोणपाट सापडलं. त्यात कापसाच्या बियाण्याच्या न फोडलेल्या तीसेक पुड्या, प्रत्येकी 120 ग्रॅमची. वर छापलेलं, 'नॉन बीटी'. काही उंदरांनी कुरतडल्या होत्या, बाकीच्या जशाच्या तशा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "थैलीसोबत येत होत्या. लावायच्या कशाला, त्याला अळी लागते. आणि पैसे मोजलेत तर फेकायच्या तरी कशाला?"

मी पोटापाण्यासाठी कीटकशास्त्रात काम करते. याच पुडीवर विद्यार्थ्यांना दरवर्षी तास-दीड तास शिकवते. आणि ती माझ्याच घरच्या माळ्यावर पडलेली. बाबांशी वाद घातला नाही, पण रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या 'बीटी' नावाच्या जिवाणूचं जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. ते बोंडअळीच्या, म्हणजे कापसाचं बोंड पोखरणाऱ्या अळीच्या, आतड्यात गेलं की अळी मरते, माणसाला किंवा गुरांना त्याचं काही होत नाही. पहिल्या पिढीत एकच प्रथिन होतं, क्राय1एसी. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं वाण आलं, त्यात क्राय2एबीची भर पडली. सोबत नियम असा होता की बीटीच्या शेताभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, जे जास्त असेल तितकं लावायचं. 450 ग्रॅमच्या बीटी थैलीबरोबर 120 ग्रॅमची पुडी यायची ती याचसाठी.

ही 'आश्रयाची' जागा कशाला? लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी असते की तिला ते प्रथिन बाधत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर तेवढीच वाचते आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या वाचलेल्या पतंगाशी तिचं मीलन होतं. सगळी पिल्लं निगरगट्ट. पण शेजारी साधा कापूस असेल तर तिथे हजारो साधे पतंग तयार होतात. वाचलेल्या एकाला जोडीदार बहुतेक त्यांच्यातलाच मिळतो. हा प्रतिकार अप्रकट असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच चालतो. मिश्र जोडीची पिल्लं बीटीवर मरतात. थोडक्यात, त्या पाच ओळींत अळ्या मुद्दाम पोसायच्या होत्या. हेच बाबांना कधी कुणी समजावून सांगितलं नाही.

---

पुणेरी_प्रश्न

रुमाल टाकून ठेवतो. एक बाळबोध प्रश्न. बोंडअळ्या तीन प्रकारच्या असतात असं ऐकलंय. मग सगळ्याच बीटीला पुरून उरल्या का?

---

वणीची_लेक

चांगला प्रश्न. नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

ठिपक्यांची, हिरवी (अमेरिकन) आणि गुलाबी किंवा शेंदरी. बीटी आलं ते मुख्यतः हिरव्या अळीसाठी. नव्वदच्या दशकात तिनेच विदर्भ-मराठवाड्याला रडवलं होतं. ती आजही कापसात फार त्रास देत नाही. कारण ती काहीही खाते, तूर, हरभरा, टोमॅटो, मका. आपल्याकडे कापसात तुरीचे तास (ओळी) असतात, रब्बीला शेजारी हरभरा असतो. तिच्यासाठी कुणी पुडी न लावताही गावभर आश्रय आपोआप तयार होता.

गुलाबीचं तसं नाही. ती जवळजवळ फक्त कापसावर जगते. भेंडी-अंबाडीवर क्वचित दिसते, पण तिचं घर कापूसच. तिच्यासाठी आश्रय म्हणजे ती पुडी आणि पुडी माळ्यावर. गुजरातेत क्राय1एसीला न जुमानणारी गुलाबी अळी सापडल्याचं 2010 मध्ये बियाणं कंपनीने स्वतः जाहीर केलं. काही वर्षांतच ती दोन्ही प्रथिनांना पुरून उरली. महाराष्ट्रात 2017 ला काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय.

---

राळेगावकर

ताई, मी तुमच्या बाबांच्या बाजूनं बोलतो. राग मानू नका.

ती पुडी आमीबी लावली होती, पयले दोन वर्सं. अर्धं बी उगवलं नाई. जे उगवलं त्याचं झाड येगळंच, बुटकं, फूल वीस-पंचवीस दिवस उशिरा. बाकी वावर पांढरं झालं तवा त्याले पाती, म्हंजे कळ्या, लागत होती. मंग शेजारचा हसते, "पाच तास वाया घालवले का बा." पाच एकरवाल्याले एक एकर अळीले द्या म्हणता तुमी. त्या एका एकराचे पैसे कोण देते?

2017 चं सांगतो. दिवाळीलोक पऱ्हाटी (कपाशी) मस्त होती. बोंडं हिरवीगार, भरलेली. वेचाले गेलो तं बोंड उघडेचना. फोडून पाहतो तं आत अळी, सरकी पोखरलेली, कापूस किडका. अर्धा कापूस कवडीत गेला. बाहेरून काईच दिसत नवतं, हेच तर वाईट.

---

वणीची_लेक

राग कसला, दादा. तुम्ही सांगताय ते खरंच आहे. नुसतं 'शेतकऱ्यांनी नियम पाळला नाही' असं लिहिणाऱ्यांचा मलाही वैताग येतो. पुडीतलं बी त्याच वाणाचं, त्याच वेळी फुलणारं असेल तरच त्या आश्रयाला अर्थ आहे. साध्या झाडावरचे पतंग महिनाभर उशिरा निघाले तर बीटीवरच्या पतंगाशी त्यांची गाठच पडणार नाही.

आणि बाहेरून दिसत नाही हे तर या अळीचं वैशिष्ट्यच आहे. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजतं. मग फवारा कशावर मारायचा? ती आत, औषध बाहेर.

---

आरपार

हा सगळा परदेशी कंपन्यांचा खेळ आहे. ही अळीच बाहेरून आणून सोडली. आजोबांच्या काळात होती का कुठे?

---

निवृत्त_कृषी_सहायक

होती. शास्त्रीय जगाला या अळीची ओळख 1840 च्या दशकात झाली ती भरूचच्या कापसावरून. तिचं शास्त्रीय वर्णन आपल्याच देशातल्या नमुन्यांवरून लिहिलेलं आहे. उलट इथून ती जगभर गेली, अमेरिकेत 1917 ला टेक्सासमध्ये सापडली. तेव्हा कंपन्यांना द्यायच्या शिव्या जरूर द्या, यादी मोठी आहे, पण ही त्यात धरू नका.

आजोबांच्या काळात ती होती, पण एवढी नव्हती, आणि त्याला कारण होतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाचं जवळजवळ सगळं क्षेत्र देशी वाणांचं होतं. देशी कापूस लवकर सुटतो. पावसावर येतो, पावसाबरोबर संपतो. डिसेंबर-जानेवारीत वावर मोकळं, काड्या चुलीत. गुलाबी अळीला खरी धार चढते ती थंडीत, आणि तेव्हा तिला खायलाच काही नसायचं. 1970 ला सुरतहून पहिला संकरित कापूस 'एच-4' आला. त्यानंतर हंगाम लांबत गेला. ओलिताची सोय झाली, बीटी आलं, आणि लोकांनी मार्च-एप्रिलपर्यंत पीक ठेवायला सुरुवात केली.

मी 31 वर्षं नोकरीत एकच गोष्ट ओरडून सांगितली. फरदड घेऊ नका. कुणी ऐकलं नाही. सोडा.

---

पुणेरी_प्रश्न

फरदड म्हणजे?

---

राळेगावकर

मुख्य वेचण्या झाल्या की पऱ्हाटी उपटाची सोडून तिले पाणी-खत द्याचं. पुन्हा पाती येते, बोंडं येते, तीन-चार क्विंटल निघते एकरी. कावून घेतो म्हणसान तं पाण्याची सोय असते, बाकी पीक लावाले पैसे नसते, नवी मशागत नाई. फुकटचा कापूस. साहेब म्हणते घेऊ नका. पण त्या तीन क्विंटलात पोराची फी भरली जाते, ते साहेबाले कोण सांगन.

---

निवृत्त_कृषी_सहायक

भाऊ, तुमचं बरोबर आहे. पण त्या तीन क्विंटलांसोबत तुम्ही पुढच्या वर्षीच्या अळ्यांचं बेणं राखता, आणि ते फक्त तुमच्या वावरात राहत नाही. पतंग रात्री उडतो, धुरा (बांध) ओळखत नाही.

---

सरकी_ढेप

आमची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायची गिरणी) आहे, म्हणून एक मुद्दा टाकतो. सगळे शेताबद्दल बोलतात, आमच्याकडे कुणी पाहत नाही. शेवटच्या वेचणीच्या कापसात अळ्या सरकीसोबतच येतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपतात, महिनेच्या महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातल्या ढिगांजवळ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावले तर रात्रीत डबा भरतो. खोटं वाटेल, पण सकाळी खाली पतंगांचा थर असतो. जिनिंगच्या चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यातल्या शेतांना आधी लागण होते, हे आमचे हमाल कुठल्याही शास्त्रज्ञाआधी सांगत होते.

अवांतर: किडक्या सरकीत तेल कमी, ढेपही हलकी. नुकसान शेतकऱ्याच्या कापसावर संपत नाही, म्हशीच्या दुधापर्यंत जातं.

---

टक्सनचा_तात्या

जागतिक वऱ्हाडी मंडळातर्फे हजेरी. ऍरिझोनात वीस वर्षं झाली. इथे हीच अळी, हाच कापूस, हेच जनुक. आणि इथून ती संपली. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने व्यावसायिक कापूस क्षेत्र गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केलं.

कसं झालं ते थोडक्यात. 1996 पासून इथे आश्रयाचा नियम कडक पाळला गेला आणि म्हणून प्रतिकार वाढलाच नाही. मग 2006 ला डाव उलटवला. फिनिक्सच्या प्रयोगशाळेत कोट्यवधी पतंग वाढवायचे, किरणोत्साराने वांझ करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे. बाहेरच्या पतंगाला जोडीदार वांझच मिळणार. आश्रयाच्या ओळी मग काढून टाकल्या, कारण आश्रयाचं काम हे वांझ पतंगच करत होते. त्यांच्या खाद्यात लाल रंग घालायचे. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडून पोट गुलाबी दिसलं तर तो 'आपला', नाहीतर रानटी. शिवाय ठरलेल्या तारखेपर्यंत पऱ्हाटी जमिनीत गाडायची, हा इथे कायदाच होता. फरदड घेतली तर दंड.

---

राळेगावकर

तात्या, तिथं एकेकाजवळ हजार एकर असन. त्याले शंभर एकर सोडणं सोपं हाय. आमच्या गावात दोनशे एकरात ऐंशी शेतकरी. कोण कोणाले दंड करन? तलाठी माझा मावसभाऊ हाय!

---

टक्सनचा_तात्या

हा हा. मान्य. विमानाचं मॉडेल उचलून यवतमाळात आणा असं मी म्हणतच नाहीये. गाठ तिथेच आहे. किडा गावाचा, वावर एकट्याचं.

---

वणीची_लेक

तात्यांच्या ऍरिझोनापेक्षा मला चीनचं उदाहरण आपल्या जवळचं वाटतं. तिथेही शेतकरी लहानच.

यांगत्झी नदीच्या खोऱ्यात बीटी कापूस होता, आश्रयाचा नियमच नव्हता. 2010 च्या सुमारास प्रतिकार वाढताना दिसू लागला आणि सगळे घाबरले. पण पुढे तो चक्क उतरला. कारण शोधलं तर निघालं की संकरित बी महाग म्हणून लोक दुसऱ्या पिढीचं बी पेरत होते. संकराच्या दुसऱ्या पिढीत साधारण चौथाई झाडांत बीटी जनुकच उतरत नाही. म्हणजे काटकसरीपायी प्रत्येक शेतात 25 टक्के आश्रय आपोआप पेरला गेला. हे संशोधन 2017 मध्ये छापून आलं, आपल्याकडे बोंडं सडत होती त्याच वर्षी.

---

कपाशी_कोडे

ताई, इथे एक अडतंय. मी बायोटेकचा विद्यार्थी आहे. आपल्याकडे प्रतिकार लवकर वाढायचं एक कारण म्हणून असंच वाचलंय की भारतात सरळ (संकर नसलेल्या) वाणाऐवजी संकरित बीटी असल्यामुळे बोंडातल्या काही सरक्यांत प्रथिन नसतं. चीनमध्ये जे तारक ठरलं तेच आपल्याकडे मारक कसं?

---

वणीची_लेक

शाब्बास, वर्गात हा प्रश्न दहा वर्षांत दोघांनीच विचारलाय.

फरक झाड आणि बोंड यांतला आहे. अख्खं झाडच साधं असेल तर त्यावरच्या अळीला विषाचा स्पर्शही होत नाही. ती साधीच राहते आणि साधे पतंग देते. आपल्याला तेच हवंय. पण संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही बिनविषारी असतात. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एक विषारी चाखली, पुढची साधी मिळाली, म्हणजे अर्धवट डोस. अशा अर्धवट डोसात पूर्ण साधी अळी मरते, पण जिच्यात प्रतिकाराचं एकच जनुक आहे ती तग धरू शकते. प्रतिकार 'अप्रकट' राहावा ही आपली सगळी भिस्त, ती तिथेच ढासळते. चीनमध्येही संकराच्या बोंडात हे घडत असणारच, पण शेतात पूर्ण साधी झाडं भरपूर असल्यामुळे पारडं उलटं झुकलं.

आता पुडीची भानगड नाही. साधं बी थैलीतच मिसळून येतं, 475 ग्रॅमच्या थैलीत. गुलाबी अळी या झाडावरून त्या झाडावर फारशी जात नाही, म्हणून तिच्यासाठी मिश्रण ठीक. पण वराती मागून घोडं. प्रतिकार पसरल्यावर आश्रय म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

---

आरपार

मग उपाय काय? की नुसतंच चर्चेचं गुऱ्हाळ?

---

निवृत्त_कृषी_सहायक

उपाय जुनेच आहेत. पहिला, जूनआधी लागवड नको. जमिनीत आणि काड्यांत झोपलेल्या अळ्यांचे पतंग पहिल्या पावसांबरोबर बाहेर येतात. तेव्हा वावरात पातं-फूलच नसेल तर अंडी घालायची कुठे? आठ-पंधरा दिवसांत आपोआप मरतात. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी म्हणजे त्यांच्यासाठी मांडून ठेवलेलं ताट. गावात अशी दोन वावरं असली तरी पुरे.

दुसरा, पीक 150-160 दिवसांत संपवा. सुटसुटीत, लवकर येणारं वाण दाट लावा. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अतिघन लागवडीमागे बरीच वर्षं आहे. हलक्या जमिनीत ही पद्धत चांगली चालते. भारी काळ्या जमिनीत झाड माजतं, तिथे वाढरोधक लागतं. हे न सांगता सरसकट शिफारस करणाऱ्यांपासून सावध.

तिसरा, कामगंध सापळे, एकरी दोन. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ पतंग आले तर समजा वेळ झाली. फुलं लागली की डोमकळ्या शोधा. पाकळ्या आतून जाळ्याने बांधलेल्या, न उमललेलं गुलाबाच्या कळीसारखं फूल दिसलं की ते तोडून अळीसकट नष्ट करा. पुढे वीस हिरवी बोंडं फोडून बघा. दोनांत अळी असली तर फवारणी, त्याआधी नाही.

---

राळेगावकर

त्याआधी नाई हे लई महत्त्वाचं. 2017 मध्ये माझा चुलतभाऊ दवाखान्यात आठ दिवस होता. दुकानदारानं तीन औषधं एकत्र करून देल्ली, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा नाई, उकाडा. त्या वर्सी आमच्या जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. त्याचे डोळे अजून नीट नाई. त्यानं मारलं कशाले? अळी बोंडात, हे तं ताईनं वर लिवलंच हाय.

---

वणीची_लेक

दादा, तुमच्या भावाची काळजी घ्या.

एवढंच जोडते की त्या एकत्र केलेल्या फवाऱ्याने मरतात ते किडी खाणारे मित्रकीटक, म्हणजे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी आणि बोंडअळीच्या अंड्यांतच अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी. मागे पांढरी माशी आणि फुलकिडे मोकाट सुटतात, मग त्यांच्यासाठी आणखी फवारा. उत्तर चीनमधल्या दोन अभ्यासांची गंमत पाहा. बीटीमुळे फवारण्या घटल्या तेव्हा कापसात मित्रकीटक वाढले आणि मावा कमी झाला, शिवाय शेजारच्या मका-सोयाबीनलाही त्या मित्रकीटकांचा फायदा होत असावा असं दिसलं. पण त्याच फवारण्या थांबल्यामुळे पूर्वी किरकोळ असलेला मिरिड ढेकूण फळबागांपर्यंत पसरला. शेतातलं एक टोक ओढलं की दुसरीकडे काहीतरी सरकतंच. बीटीच्या बाजूचे पहिला अभ्यास सांगतात, विरोधक दुसरा. दोन्ही एकाच शास्त्रज्ञांच्या गटाचे आहेत.

---

पुणेरी_प्रश्न

वाचनखूण साठवली. राळेगावकर, पुस्तक लिहा.

---

राळेगावकर

पयले कर्ज फिटू द्या.

---

राळेगावकर (19 सप्टेंबर)

धागा वर काढतो. ताईचं वाचून यंदा आमी बारा जणांनी ठरवलं. लागवड 15 जूननंतर, दोन-दोन सापळे आणि डिसेंबरात पऱ्हाटी उपटाची. बाराच जण. बाकी गाव हसते. ऑगस्टलोक सापळ्यात दोन-तीनच पतंग. डोमकळ्या हजार फुलांत चार भेटल्या, तोडून जाळल्या.

पण परवापासून नाल्याकडच्या सापळ्यात नऊ, अकरा, दहा. बाकीच्यात तीनच.

---

वणीची_लेक

दादा, नाल्यापलीकडे कुणाची कपाशी आहे? कधी लावलेली?

---

राळेगावकर

मावसभावाची. 20 मे, ठिबकवर.

---

निवृत्त_कृषी_सहायक

तलाठी?

---

राळेगावकर

तोच. आज संध्याकाळी चार सापळे घेऊन त्याच्या घरी चाललो. चहा तं पाजनच.